बंद पाटीतला स्तामेन

केकच्या दुकानासमोर पाय ठेवायला जागा नव्हती. पाऊस भुरभुरत होता, छत्र्या एकमेकींत अडकत होत्या, मेणबत्त्या विझत होत्या आणि पुन्हा पेटत होत्या. सगळ्यांच्या माना वर. वर दुकानाची पाटी, 'दोब्रिन्का'. पाटीचं बटण दुकानाच्या मालकिणीनं, दोब्रिन्कानं, स्वतः सगळ्यांदेखत बंद केलं होतं, आणि तरीही ती लाल अक्षरं मंद उजळलेली होती.

"पाऊस आला की स्तामेन जास्त दिसतो," शेजारचा गेन्चो न्हावी म्हणाला.

"रडतो बिचारा," त्याची बायको म्हणाली. "बायकोचं नाव घेऊन रडतो."

गर्दीतून वाट काढत रालित्सा दाराशी आली. ती राजधानी सोफियात शाळेत विज्ञान शिकवायची. आज बापाचा, स्तामेनचा, चाळिसावा दिवस, म्हणून बसनं आली होती. चाळीस दिवस आत्मा घराभोवती असतो आणि मग निरोप घेतो, असं इथं सगळेच मानतात. पण बाप पाटीत येऊन बसलाय, हे तिला आईनं, दोब्रिन्कानं, फोनवर सांगितलं नव्हतं. "तू ये, मग बघशील," एवढंच म्हणाली होती.

दाराच्या पायरीवर स्वेतलोझार उभा होता. गळ्यात तांब्याचा लंबक, अंगात पांढरा सदरा. परवापरवापर्यंत हा माणूस मोटारींचे विमे विकत होता.

"आत्मा म्हणजे ऊर्जा," तो सांगत होता. "विज्ञानानंही आता मान मुकाट्यानं खाली घातली आहे. स्तामेन सातव्या कंपनावर अडकलाय. मी त्याला हळूहळू चौथ्यावर आणतोय."

कसली कंपनं, कुणी मोजली, हे विचारायची शुद्ध एकालाही नव्हती. ज्या गेन्चोला बाजारातल्या टोमॅटोच्या वजनावरही भरवसा नाही, तो मान डोलावत होता. अक्कल अशी छत्रीबरोबर बाहेर ठेवून यायची सोय असते, हे रालित्साला नवीन नव्हतं. पण आपलं आख्खं गाव एका जागी जमून तेच करताना बघून तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मग तिला शिडी दिसली. ॲल्युमिनियमची, बापाची. भिंतीला टेकवून ठेवलेली. खाली वाटीत लाल दारू, आणि बाही वर सारून उभी असलेली आई.

"आई, काय करतेस?"

"आलीस राली? बरं झालं." आईचा चेहरा कित्येक दिवसांनी उजळलेला होता. "थडग्यावर ओततो ना दारू, तशी हाताला लावायची आणि ती अक्षरं धरायची. स्वेतलोझार म्हणतात, मी धरलं की तो मोकळा होईल. एकदा हात लागू दे गं त्याला."

याच शिडीवरून, असाच पाऊस पडत असताना, पाटी पुसता पुसता बाप खाली पडून मेला होता. डॉक्टरांनी हृदय म्हणून लिहिलं. विजेचा विचार कुणी केला नाही, कारण आईनं शपथेवर सांगितलं होतं, बटण बंद होतं.

तिनं शिडी उचलून आडवी केली.

"ताई, ही अविश्वासू स्पंदनं स्तामेनला त्रास देतायत," स्वेतलोझार म्हणाला.

"मग तुम्ही धरा की आधी. दारूत हात बुडवून. तुमची कंपनं तर उच्च आहेत."

"माझा अधिकार नाही. पत्नीचाच हात लागतो."

"असं का? मग हात खिशात कशाला गेले?"

गर्दीत कुणीतरी खुसखुसलं. रालित्सा दुकानात शिरली, तारांच्या पेटीतलं मुख्य बटण खाली ओढलं. बाहेर पाटी काळी पडली.

"गेला," गेन्चोची बायको म्हणाली.

रालित्सानं बटण वर केलं. अक्षरं उजळली. "आला," ती आतून ओरडली. पुन्हा खाली. "गेला." पुन्हा वर. "बाबा, या. बाबा, जा. मला जमतंय की! सातवं कंपन या पेटीत आहे." बोलताना तिचा आवाज चिरकला, पण ती थांबली नाही.

बापाच्या खणातला टेस्टर घेऊन ती लाकडी खोक्यावर चढली आणि हात उंचावून टोक पाटीच्या पत्र्याच्या खालच्या कडेला लावलं. टेस्टरमधला दिवा पेटला. तो सगळ्यांना दिसला.

"बटण बंद आहे ना, आई? तरी पत्र्यात वीज आहे. बटण वीज आणणाऱ्या तारेवर लावायचं असतं. बाबांनी ते वीज परत नेणाऱ्या तारेवर लावलं. म्हणजे दिवे विझतात, पण वीज पाटीपर्यंत येऊन उभीच राहते. नवीन दिवे इवल्याशा विजेवरही उजळतात. थोडी वीज ओल्या भिंतीतून झिरपते, पाऊस आला की जास्त. पत्रा जमिनीला जोडायचा नियम आहे, जोडलेला नाही. गळती होताच सगळं बंद करणारं बटण लावायचा नियम आहे, तेही नाही. उघड्यावरच्या पाटीचे जोड पाणी न शिरणाऱ्या डबीत ठेवायचे. आमच्याकडे चिकटपट्टी, तीही भिजलेली, म्हणून वीज पत्र्यात उतरते."

"पण हा उजेड आधी नव्हता," गेन्चो म्हणाला.

"दिवे बाबांनी शेवटच्या आठवड्यात बदलले, काका. आणि आधी रात्री पाटी कधी बंद केली होती आपण? ते गेल्यावर, सुतकात, पहिल्यांदा."

स्तामेननं सगळं काम स्वतः केलं, वायरमनला दारात उभं केलं नाही, असं कौतुक गेन्चोनंच सगळीकडे केलं होतं. या गावात तेवढ्याला मोठेपणा मानतात.

आई टेस्टरकडे बघत होती. "म्हणजे तो तिथं नाही."

"नाही, आई." रालित्सा खाली उतरली. "तिथूनच बाबा गेले. हाच उजेड त्यांना घेऊन गेला, आणि आज हा माणूस तुला त्याच उजेडाच्या हातात देत होता."

स्वेतलोझार लंबक सदऱ्यात सरकवून बाजूच्या गल्लीत कधी वळला, कळलं नाही. कुणी अडवलंही नाही. दोब्रिन्का पायरीवर बसली. रालित्सानं तिच्या खांद्यावर हात ठेवला. मग म्हातारी उठली, दारूची वाटी फुटपाथवर ओतली आणि हात ॲप्रनला न पुसता सरळ पावसात धरून धुतले.

"पेटी बंद कर," ती लेकीला म्हणाली. अक्षरं विझली. तिनं वर पाहिलं नाही.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाट्या लखलखत होत्या. औषधांचं दुकान, चपलांचं, गेन्चोचं.

"गेन्चो, तुझी पाटी कुणी जोडली?" दोब्रिन्कानं विचारलं.

"मेहुण्यानं." त्यानं वळून आपल्या पाटीकडे पाहिलं. "घरच्या घरी."

"मग इथं मेणबत्ती काय धरून उभा आहेस? जा, आधी पेटी बंद कर. उद्या परवाना असलेला वायरमन बोलव, तार कुठून कुठं जाते ते स्वतः बघ. तुझ्या बायकोला माझ्यासारखं उजेडाशी बोलत बसायची वेळ आणू नकोस."

गेन्चो मेणबत्ती फुंकून निघाला. मग चपलावाला निघाला. एकेक करून रस्त्यावरच्या पाट्या विझत गेल्या.