जिभेने मापलेलं पाणी

सासऱ्यांनी हौदात बोट बुडवलं, बाहेर काढून चाटलं आणि डोळे मिटून म्हणाले, "अजून अर्धा तांब्या." जावयाने तोंड दुसरीकडे वळवलं. सासऱ्यांच्या काचघरात, म्हणजे काचेच्या छपराखालच्या मळ्यात, कामाला लागून त्याला आठ महिने झाले होते, पण त्या बोटाची सवय काही होत नव्हती.

आधी तो चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा. मऊ फडकं, स्वच्छ पाणी, काचेवर बोटाचा ठसा उमटला तरी पुन्हा पुसायचं, असा त्याचा हात. दुकान बंद पडलं तेव्हा बायको म्हणाली, "बाबांना तसाही एक माणूस हवाच आहे." तो हवा असलेला माणूस नेमका कशासाठी हवा होता, हे त्याला पहिल्याच दिवशी कळलं. पिंप ढवळायला.

त्या पिंपात फळांच्या साली, साखर आणि पाणी महिनाभर कुजत पडलेलं असे. झाकण उघडलं की वर करडी, जाड साय दिसायची आणि तिच्याखाली काहीतरी वळवळायचं. वास असा, की दुपारचं जेवण घशाशी यायचं. पण सासऱ्यांचा सगळा मळा त्या पिंपावर चालायचा. विहिरीचं पाणी चुनखडीचं, झाडांना ते सोसत नाही. त्याचा सामू, म्हणजे आंबट-खारेपणाचा आकडा, खाली आणायला काहीतरी आंबट घालावं लागतं. विकतचं तेजाब सासऱ्यांना वर्ज्य, कारण दारावरच्या पाटीवर 'रसायनाविना' असं लिहिलं होतं.

हे आंबट पाणी तीन ठिकाणी जायचं. मातीच्या वाफ्यांत टोमॅटो, नारळाच्या भुशाच्या पिशव्यांत स्ट्रॉबेरी आणि भाजलेल्या मातीच्या गोट्यांत सॅलडची पानं. गोट्यांच्या खाली हौद होता आणि त्यातलं पाणी पंपाने दिवसभर फिरत राहायचं.

"बाबा, मापायच्या पट्ट्या मिळतात," जावई सुरुवातीला एकदा म्हणाला होता. "पाण्यात बुडवायची, रंग बघायचा. झालं."

"जावईबापू, तीस वर्षं रंगाच्या कारखान्यात काढली मी," सासरे म्हणाले. "पाणी बिघडलंय का ते साहेब मला विचारायचे. तुमच्या पट्टीला जीभ आहे का?"

गिऱ्हाइकांना हा प्रकार भारी आवडायचा. विशेषतः खानावळीच्या आचारीणबाईंना. दर आठवड्याला त्या टोपल्या घेऊन यायच्या, सासरे त्यांच्यासमोर बोट चाटून दाखवायचे आणि त्या कौतुकाने हसायच्या. जावई त्या वेळी मुद्दाम पलीकडे जाऊन नळ्या धूत बसायचा.

मग एका आठवड्यात सॅलडची पानं माना टाकू लागली. जावयाने एक रोप उपटलं तर मुळं पांढरी नव्हतीच, तपकिरी होती. त्यांच्यावर शेंबडासारखा बुळबुळीत थर होता आणि तो बोटांना चिकटून लांब तार निघत होती. त्याने हौदात कोपरापर्यंत हात घातला. तळाला तोच थर, वीतभर. हात तीनदा साबणाने धुतला तरी तो वास नखांतून जाईना. त्या दिवशी तो जेवला नाही.

आचारीणबाई आल्या, रिकाम्या टोपल्या घेऊन उभ्या राहिल्या. सासरे म्हणाले, "काय सांगू बाई, जावयाने पाणी बिघडवलं. शहाणपणा करायला गेला."

जावई तिथेच, चार हात अंतरावर उभा होता. त्याने एक थेंबही स्वतःच्या मनाने घातला नव्हता. पण बायकोच्या बापाला परक्या बाईसमोर खोटं पाडायचं कसं, म्हणून गप्प बसला. पिंपाची कधी आली नसेल एवढी किळस त्याला त्या क्षणी त्या माणसाची आली. नुकतंच चाटलेलं ते ओलं बोट सासऱ्यांनी सदऱ्याला पुसलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरात सासूबाईंनी दोघांना दुधाचे पेले दिले. जावयाने पेला तोंडाजवळ नेला आणि तसाच खाली ठेवला. दूध नासलं होतं, गाठी तरंगत होत्या. तो सांगणार, तोवर सासऱ्यांनी आपला पेला अर्धा संपवला होता. मिशीला एक पांढरी गाठ लटकत होती. त्यांनी ती जिभेने आत घेतली, चावली आणि म्हणाले, "आज दूध दाट आहे हं."

 जावई मोरीकडे धावला. तिथे भिंतीला धरून उभा असताना त्याला हळूहळू उलगडा झाला.

संध्याकाळी त्याने दोन वाट्या भरल्या. एकीत विहिरीचं पाणी, दुसरीत पिंपातलं निव्वळ आंबट. दोन्ही सासऱ्यांपुढे ठेवल्या. "हौदात कुठलं सोडू, बाबा?"

सासऱ्यांनी दोन्ही चाखल्या. बराच वेळ जावयाच्या चेहऱ्याकडे बघितलं. मग पिंपातल्या पाण्याच्या वाटीवर बोट ठेवलं. "हे. हे बरोबर जमलंय."

"ते पिंपातलं आहे."

सासरे खुर्चीवर टेकले. "गेल्या थंडीत ताप आला होता ना," ते म्हणाले. "तेव्हापासून तोंडाला चव नाही. वासही नाही. भाजी कशी झालीय ते हिच्या तोंडाकडे बघून सांगतो."

"मग हौदात किती ओतायचं, ते कसं ठरवत होतात?"

"अंदाजाने. कमी पडू नये म्हणून जरा जास्तच."

दया यायला हवी होती. जावयाला ती आली नाही. इतके महिने हा माणूस उगाच बोट चाटत होता, लोकांना दाखवण्यासाठी. आणि खापर मात्र दुसऱ्याच्या डोक्यावर. "पाणी मी सांभाळतो," तो म्हणाला. "पण त्या बाईंना तुम्ही सांगायचं. मी नाही."

त्याने पट्ट्या आणल्या. हौदातल्या पाण्यात बुडवलेली पट्टी नारिंगी झाली, म्हणजे झाडांची मुळं आंबटात शिजतच होती. मातीने तेच पाणी निमूट पचवलं होतं, भुशाने निम्मं सोसलं होतं. गोट्यांत मात्र मध्ये झेलायला काहीच नव्हतं. शिवाय पिंपातल्या साखरेवर बुळबुळ पोसली गेली. त्याने हौद रिकामा केला, नाकाला फडकं बांधून गोटा न् गोटा घासला. पिंपातलं पाणी फक्त वाफ्यांना ठेवलं, तेही पातळ करून. बाकी दोन्हींना लिंबाच्या सताची चिमूट, आणि आकडा पुन्हा वर चढतो म्हणून रोज सकाळी नवी पट्टी.

आचारीणबाई आल्या तेव्हा नवी रोपं चार पानांवर होती. सासरे बराच वेळ हवापाण्याचं बोलले. बायको दारात येऊन उभी राहिली आणि नुसतं म्हणाली, "बाबा."

"मागच्या वेळचं," सासरे जमिनीकडे बघत म्हणाले, "ते माझ्यामुळे झालं. माझी जीभ गेलीय. जावयाचा दोष नव्हता."

आचारीणबाईंनी थोडा विचार केला. "म्हणजे मी इतके दिवस नेत होते ती पानंही अंदाजाचीच?"

 बाईंनी त्या खेपेला टोमॅटो तेवढे घेतले. जाताना पायरीवर थांबून त्यांनी आपलीच बोटं पदराला पुसली.

सासऱ्यांनी सवयीने हौदाकडे हात नेला. जावयाने मधे येऊन पाण्यात पट्टी बुडवली आणि रंग बघत उभा राहिला, ते बोट परत खिशात जाईपर्यंत.