लाल पट्टीचा वाटाड्या

विमाने सूर्याच्या अंगाने आली, म्हणून ती आधी ऐकू आली आणि मग दिसली. कोन्नो किनुए तेव्हा दुसऱ्या डब्याच्या मागच्या दारात, गार्डच्या जागी उभी होती. सकाळची गाडी पुलावर चढली होती आणि ताकिनोसावा स्टेशन वळणापलीकडे अगदी जवळ आले होते. खाली नदीच्या पाण्यावर कुणी भराभर टाके घालीत यावे तशी गोळ्यांची एक ओळ आली, पुलावर चढली आणि पहिल्या डब्यातून आरपार निघून गेली. काचा फुटल्या. मग ओंजळीत मावेल एवढी लहान शांतता झाली, आणि ती संपल्यावर माणसे ओरडू लागली.

दुसरे विमान इतके खाली आले की आतल्या माणसाचा चष्मा तिला दिसला. छप्पर फाटले. वांग्यांची टोपली मांडीवर घेतलेली एक म्हातारी होती तशीच बसून राहिली. टोपली तिने घट्ट धरलेली होती, पण खांद्यांच्या वर काही उरले नव्हते. त्या म्हातारीपलीकडे, खिडकीशी, किनुएची धाकटी बहीण मित्सुयो खाली घसरत होती. लाकडाच्या गिरणीत ती कामाला जात असे. तिच्या मांडीतून रक्त हातपंपाच्या पाण्यासारखे थांबून थांबून उसळत होते.

किनुएने निशाणाचे कापड काठीवरून ओरबाडले, मांडीभोवती गुंडाळले आणि त्यात काठी अडकवून ती पिळत गेली. मित्सुयो किंचाळली नाही. ती म्हणाली, "ताई, बाबांना सांगू नको."

"काय सांगू नको?"

"मी खिडकीशी बसले होते ते. बाबा मधे बस म्हणाले होते."

ड्रायव्हर तोराझोने गाडी थांबवली नाही. ताकिनोसावाच्या फलाटावर डोंगराची सावली येते आणि देवदारांच्या फांद्या छपरावर टेकतात. त्या फांद्यांखाली त्याने ती आणून उभी केली. विमाने दोनदा वर घिरट्या घालून समुद्राकडे गेली. किनुए धावत इंजिनाशी पोचली तेव्हा तोराझो पायरीवर बसला होता आणि त्याच्या पायाशी, कोळशाच्या ढिगावर, यासोकिची काका पडला होता. गोळी गळ्यातून गेली होती. पांढऱ्या झालेल्या भुवयांवर कोळशाची भुकटी होती, आणि दंडावरची लाल पट्टी जागची हललीही नव्हती.

ती पट्टी म्हणजेच त्या दिवशीची सारी वाहतूक होती. इवाकुमा ते ताकिनोसावा अकरा किलोमीटर, आणि रूळ एकच. एरवी ड्रायव्हर पितळी चकती बरोबर घेऊन निघे. चकती ज्याच्याजवळ, रूळ त्याचा. चकत्यांचे यंत्र आदल्या दिवशीच्या बॉम्बने मोडले होते. अशा वेळी नियम असा, की चकतीच्या जागी एक माणूस नेमायचा. दोन्ही स्टेशनमास्तरांनी फोनवर त्याचे नाव ठरवायचे, त्याच्या दंडावर लाल पट्टी बांधायची, आणि तो गाडीत असल्याशिवाय कुठल्याही बाजूने गाडी सोडायची नाही. माणूस एकच, म्हणून गाडीही एकच. या मार्गावरचे लोक त्याला वाटाड्या म्हणत. साठी उलटलेला यासोकिची, निवृत्तीतून परत बोलावलेला सांधेवाला, सकाळपासून वाटाड्या होता, आणि फायरमन फौजेत गेल्यामुळे कोळसाही तोच टाकत होता.

फलाटावर एकोणीस जखमी उतरवले गेले. ताकिनोसावात एक गिरणी होती, एक देऊळ होते आणि एक सुईण होती. डॉक्टर इवाकुमाला होता. सुईणीने मित्सुयोची मांडी पाहिली आणि किनुएला बाजूला घेतले. "तास, फार तर दीड तास," ती म्हणाली. "काठी सैल केली तर तेवढाही नाही."

जखमींना परत डब्यांत चढवले गेले आणि तोराझोने इंजिन दुसऱ्या टोकाला आणून जोडले. स्टेशनमास्तर त्सुनेयोशी मात्र सिग्नलच्या दांड्यापुढे हात पसरून उभा राहिला. तो बारीक, ठेंगणा माणूस होता आणि त्याची टोपी नेहमी कानांपर्यंत येई.

"गाडी सुटायची नाही," तो म्हणाला. "वाटाड्या मेला. नवा नेमायचा तर इवाकुमाचा होकार पाहिजे, आणि फोनची तार पुलावर तुटली आहे."

"मास्तर, आत माणसांचं रक्त सांडतंय," तोराझो म्हणाला.

"मला दिसतंय."

"मग डोळे मीट आणि दांडा ओढ."

"आणि समोरून तो लेफ्टनंट आला म्हणजे? त्याचे दारूगोळ्याचे चार डबे सकाळपासून इवाकुमाला उभे आहेत. विमानं दिसली की त्याला ते मधल्या बोगद्यात लपवायचे आहेत. पुलावरचा धूर त्यानं पाहिला असेल. गाडी संपली असं समजून तो निघाला असेल तर बोगद्यात भेटाल तुम्ही. एकोणिसांच्या जागी सगळेच जातील."

किनुए म्हणाली, "इवाकुमाला मास्तर माझे वडील आहेत. वाटाड्या परत पोचल्याशिवाय ते गाडी आत सोडणार नाहीत."

"पोरी, लेफ्टनंटकडे पिस्तूल आहे."

"त्यांनी पिस्तुलालाही आधी वेळापत्रक दाखवलं असेल."

तोराझो हसला, आणि त्याच हसण्यात त्याने फावड्याचा दांडा त्सुनेयोशीच्या तोंडावर मारला. नाकाचे हाड मोडल्याचा आवाज कोरडा, चुलीत काटकी मोडावी तसा आला. त्सुनेयोशी गुडघ्यांवर पडला, पण पडता पडता त्याने दोन्ही हातांनी सिग्नलचा दांडा कवटाळला. तोराझोने त्याच्या बरगड्यांत लाथ घातली. तो सुटला नाही. दुसरी घातली. लाल थुंकत तो म्हणाला, "मार. सिग्नल देणार नाही."

तेव्हा किनुए वाकली आणि तिने त्याच्या थोबाडीत मारली. ती चपराक हात मागे न नेता, मनगट ताठ ठेवून, उलट्या हाताने बसली, आणि ती बसल्यावरच किनुएला कळले की हा हात तिचा नव्हे. कामावर लागली त्या महिन्यात तिने एकदा, नियमाप्रमाणे सिग्नलकडे बोट दाखवून त्याची खूण मोठ्याने म्हणण्याआधीच हिरवे निशाण उचलले होते. जिन्साकूंनी, तिच्या वडिलांनी, भरल्या फलाटावर अशीच मारली होती. टोपी उडून रुळांत पडली होती. नियम रक्ताने लिहिलेले असतात असे ते म्हणत, आणि समजावूनही रक्तानेच सांगत. घरी दोघी बहिणी त्यांच्या पावलांवरून त्यांचा राग ओळखायला शिकल्या होत्या. ज्या हाताचा तिने इतकी वर्षे तिरस्कार केला, त्याच हाताच्या ताठपणावर आज ती मित्सुयोसह एकोणीस माणसे पणाला लावायला निघाली होती.

ती त्सुनेयोशीच्या बाजूला जमिनीवर बसली. "काका," ती हलकेच म्हणाली, "नियम काय म्हणतो? पट्टी बांधलेला माणूस गाडीत हवा. नाव ज्याचं ठरलं तोच माणूस. दुसरा कुणी नेमायचा नाही. आम्ही दुसरा कुणी नेमतच नाही."

त्सुनेयोशीने दांडा सोडला. त्याच्या नाकातून रक्ताचा धागा हनुवटीवर लोंबत होता. मग तो उठला, भिंतीला धरत इंजिनापर्यंत गेला आणि वर चढला. तोवर तोराझोने यासोकिचीला कोळशाच्या पेटीला टेकवून, काखेतून दोर घालून उभे बांधले होते. त्सुनेयोशीने मेलेल्याची टोपी सरळ केली, पट्टीवरचा चुरा फुंकला आणि ती बाहेरून दिसेल अशी फिरवली. तर्जनी रोखून, खडखडीत आवाजात त्याने विचारले, "वाटाड्या गाडीत?"

कोणीतरी उत्तर द्यायला हवे होते. किनुए म्हणाली, "गाडीत."

त्याने जाऊन दांडा ओढला आणि सिग्नल पाडून मार्ग मोकळा केला.

उतार होता, वाफ फारशी लागत नव्हती. पुलावरचे वाकलेले कठडे डब्यांना खरवडत गेले. किनुए यासोकिचीच्या शेजारी उभी होती. वळणावर त्याचे डोके तिच्या खांद्यावर येई आणि सरळ मार्गावर परत जाई, जणू त्यालाच तिचा भार होत होता. मागच्या डब्यातून दर थोड्या वेळाने एक कण्हणे येई. ते मित्सुयोचे नसावे असे तिला वाटे, आणि मग ते मित्सुयोचे असावे असे वाटे.

"तुझा बाप खरंच थांबला असेल?" तोराझोने विचारले.

"थांबला असेल."

"मला एकदा त्यानं चार मिनिटांच्या उशिरासाठी घड्याळ फेकून मारलं होतं. कपाळावर खूण आहे बघ. माणूस नाही तो, सांध्याचं लोखंड आहे."

"म्हणूनच म्हणतेय."

बोगद्याचे तोंड आले. तो तीस वर्षांपूर्वी खोदला गेला तेव्हा ठेकेदाराने मजुरांना रात्री कुलपात ठेवले होते. पळणाऱ्यांना मुकादम पहारीने मारीत आणि भिंतीमागे भरीत. म्हातारे सांगत, इथे गाडी शिट्टी देते ती समोरच्या गाडीसाठी नव्हे, भिंतीतल्यांसाठी. तोराझोने साखळी ओढली आणि सोडलीच नाही. अंधार आत घुसला. धूर छताला लागून खाली वळला. डब्यांतून खोकल्यांचा एक गळफास घातल्यासारखा आवाज उठला. किनुएने डोळे उघडे ठेवले. समोर कुठेतरी दारूगोळ्याचे चार डबे असतील तर त्यांचा दिवा दिसेल आणि मग काहीच दिसणार नाही, एवढे तिला ठाऊक होते. तिने मेलेल्या माणसाचा पट्टीचा दंड धरला. तो अजून कोमट होता, भट्टीमुळे.

समोर एक पांढरा ठिपका उगवला. तो दिवा आहे की दिवस, हे कळायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात तिने आपला खालचा ओठ दातांनी फाडला. तो दिवस होता.

इवाकुमाचा बाहेरचा सिग्नल आडवा होता. तोराझोने गाडी थांबवली. किनुए खाली उडी मारून रुळांमधून धावत सुटली, आणि स्टेशनच्या जवळ येताच तिला करवतीचा आवाज ऐकू आला.

बाजूच्या रुळावर दारूगोळ्याची गाडी वाफ कोंडून उभी होती. रूळ बदलणाऱ्या सांध्याच्या दांड्याला जाड साखळी गुंडाळून कुलूप घातले होते आणि एक शिपाई ती साखळी कापत होता. कडीत आता नखाएवढे लोखंड उरले होते. दांड्याच्या पायाशी जिन्साकू पडले होते. त्यांच्या गणवेशाची बटणे तुटली होती, जबडा एका बाजूला सरकला होता, आणि उजव्या हाताची बोटे इतकी सुजली होती की ती वेगवेगळी मोजता येत नव्हती. लेफ्टनंट तलवारीचे म्यान रुमालाने पुसत होता.

"थांबा," किनुए म्हणाली. "गाडी आली आहे."

करवत थांबली. लेफ्टनंटने आधी तिच्याकडे आणि मग तिच्या मागे, सिग्नलपलीकडच्या वाफेकडे पाहिले. तो तरुण होता, आणि त्याचा चेहरा एकाएकी शाळकरी झाला.

"किल्ली विहिरीत फेकली म्हाताऱ्यानं," तो म्हणाला. जणू तक्रार तिच्याकडेच करायची होती. "मी सांगितलं त्याला, पूल जळतोय, गाडी गेली, तुझ्या दोन्ही मुली होत्या ना त्यात, त्या मेल्या. कोणासाठी अडवतोस? चार वेळा सांगितलं. दर वेळी एकच उत्तर. वाटाड्या आला नाही."

किनुएने ते ऐकले, पण ते पोचायला वेळ लागला. म्हणजे ते मुलींसाठी थांबले नव्हते. मुली मेल्या असे मानूनही ते थांबले होते. की तसे मानलेच नव्हते? विचारायला वेळ नव्हता. साखळी शेवटी शिपायानेच कापली आणि दांडा गाडीसाठी ओढला. डबे फलाटाला लागले तेव्हा मित्सुयोचे ओठ राखेसारखे झाले होते, पण काठी अजून पिळलेलीच होती. एका अनोळखी लाकूडतोड्याने ती अकरा किलोमीटर दोन्ही हातांनी धरून ठेवली होती.

डॉक्टरने प्रतीक्षागृहातच, तिकीटखिडकीखालच्या टेबलावर, गुडघ्याच्या वर मित्सुयोचा पाय कापला. गुंगीचे औषध दुसऱ्या जखमीवर संपले होते. चौघांनी तिला धरले. तिच्या तोंडात कातडी पट्टा होता, आणि त्यातूनही जो आवाज येत होता तो किनुएला पुढे कित्येक वर्षे, पाऊस नसलेल्या दिवशी, छपरावर ऐकू येणार होता. करवत हाडापलीकडे गेली तेव्हा तो थांबला. डॉक्टरने नाडी पाहिली. "जगेल," तो म्हणाला आणि पुढच्या माणसाकडे वळला.

जिन्साकूंना त्याच खोलीत बाकावर आणून निजवले होते. जबड्यामुळे त्यांना बोलता येत नव्हते. त्यांनी सारे पाहिले होते. त्यांचे डोळे मित्सुयोच्या छातीच्या वरखाली होण्यावर खिळले होते, आणि मग ते हळूहळू किनुएकडे आले. ती जवळ गेली, गुडघ्यांवर बसली.

"बाबा," ती म्हणाली, "यासोकिची काका आले."

त्यांनी पापण्या मिटल्या आणि उघडल्या. मग डावा हात, जो मोडला नव्हता, बाकावरून उचलला आणि तो तिच्या गालाकडे आणला.

किनुएची मान आपोआप मागे गेली. डोळे मिटले गेले, खांदा कानापर्यंत उचलला गेला.

जेव्हा तिने डोळे उघडले तेव्हा हात हवेत होता, तळवा उघडा, तिच्या चेहऱ्यापासून वीतभर.  तिने पुढे होऊन गाल त्यावर ठेवायला हवा होता. तिने तसे ठरवलेही. पण शरीर ऐकेना, आणि हात, जणू सिग्नल मिळाला नाही म्हणून, तिथेच थांबून राहिला.