हलका हात

"हात हलको ठेव गो बाय. भुंयेक गुदगुल्यो करूच्यो, मार देवचो नाय."

आईचा हा आवाज रत्नप्रभेच्या कानात लहानपणापासून मुक्कामाला होता. मालवणकडच्या घराचं खळं, म्हणजे पुढचं अंगण, सारवताना आई उकिडवी बसून मागे मागे सरकायची, शेणाचा हात चंद्रकोरीसारखा फिरवायची आणि स्वतःशीच म्हणायची:

सारवीलं खळं बाई, मागं मागं मी सरते
माझ्याच पावलांची मीच गं खूण पुसते

खळं वाळलं की आत्या रांगोळीचा डबा घेऊन ऐटीत यायची. आल्यागेल्याने विचारावं, रांगोळी कोणी काढली? सारवलं कोणी, हे कधी कुणी विचारलं नाही.

पुढे रत्नप्रभा लग्न होऊन मुंबईला आली. नवऱ्याची, जयवंतची गिरणी संपात बंद पडली, तो औषधांच्या गोदामात लागला, आणि बिऱ्हाड मुलुंड पूर्वेच्या 'सुखशांती' सोसायटीत आलं. त्या वर्षांत तिथे हॉबी क्लासची साथ होती. आधी मॅक्रमेची आली, तेव्हा घरोघर सुतळीचं घुबड डोळे वटारून लटकलं. मग थर्मोकोलची आली, ती गणपतीबरोबर विसर्जित झाली. मग तळमजल्यावरच्या अनुपमाने गॅरेजात विजेची भट्टी बसवली आणि महिला मंडळाच्या अध्यक्षा जानकीकाकूंनी जाहीर केलं, की यंदा आपण सिरॅमिक करायचं. भट्टीने बिल्डिंगचा फ्यूज उडवला, तोवर कुणाची हरकत नव्हती. रविवारी सकाळी ऐन मालिकेत उडवला, तेव्हा पुरुषमंडळी बनियनवर खाली उतरली. मग ठराव झाला: रविवारी कला बंद.

रत्नप्रभेने क्लासला नाव घातलं ते एकाच इच्छेने. हॉलमध्ये कॅलेंडरच्या शेजारी आपल्या हाताने रंगवलेली एक ताटली असावी. त्यावर काय काढायचं तेही ठरलं होतं: अबोलीचा वळेसर, केसांत माळतात तो गजरा.

पहिल्या दिवशी अनुपमाने सगळ्यांपुढे एकेक पांढरी ताटली ठेवली. "ही एकदा भाजलीय, मग ग्लेझमध्ये, काचेच्या लेपात, बुडवलीय. वाळलेलं ग्लेझ म्हणजे अजून काच नाही, नुसती पिठी आहे. बोट लागलं की ठसा, आणि तेलकट ठसा राहिला की भट्टीत तिथलं ग्लेझ अंग चोरतं, टक्कल पडतं. रंगाचं म्हणाल, तर कुंचला टेकला की आत. खोडाखोड नाही."

बायकांनी माना डोलावल्या आणि पापड उचलावेत तशा ताटल्या उचलल्या. शेजारणीच्या, प्रेमाच्या ताटलीवर पाची बोटं उमटली. जानकीकाकूंच्या ताटलीवर बांगड्यासुद्धा. रत्नप्रभेची ताटली तेवढी जशीच्या तशी राहिली.

"हात बघा हिचा!" अनुपमा म्हणाली. "किती हलका!"

तिथेच घात झाला. कौतुक झालं म्हणजे काम लागलं, हे बायकांच्या जातीला वेगळं सांगावं लागत नाही. पण ते कौतुक ऐकताना गोड लागतं, तीच तर खोड.

त्या दिवसापासून सगळ्यांच्या ताटल्या रत्नप्रभा तयार करू लागली. ग्लेझ वाळलं की टाचणीच्या टोकाएवढी भोकं दिसत. ती धुतलेल्या, कोरड्या बोटाच्या टोकाने चोळून बुजवायची. कडेला ओघळ गोठलेला असे, तो ब्लेडने खरवडायचा. सुटी पूड मऊ कुंचल्याने झटकायची. बुडाची कड ओल्या स्पंजाने पुसायची, नाहीतर ताटली भट्टीच्या फरशीला चिकटते, माहेरपणाला गेल्यासारखी, आणि परत येत नाही. शेवटी डिंकाच्या पाण्याचा दवासारखा फवारा, म्हणजे कुंचला अडखळत नाही. एवढं झालं की ताटली अशी दिसे, जणू नुकतंच दूध सांडून जागच्या जागी झोपलंय.

आणि मग त्यावर प्रेमा पोपट काढायची. पोपट मिरची खात असायचा, की मिरची पोपटाला, हे भट्टीतून निघाल्यावरही ठरत नसे. "झकास आलाय ना गं?" ती विचारायची. जानकीकाकू दर वेळी मोर काढत. मोराला पिसं जास्त झाली की त्या म्हणत, "पुस गं प्रभे जरा." मग रत्नप्रभा ते खरवडून जागा पुन्हा सारखी करायची, आणि काकू तिथेच नवा मोर बसवायच्या.

"माझी कधी?" हे शब्द तिच्या ओठांशी येत. पण तोवर कुणीतरी ताटली पुढे करी, "एवढी कर ना, तुझ्यासारखं नाही जमत बाई," आणि शब्द परत आत जात.

घरी जयवंत विचारी, "काय गं, तुझी ताटली खंय?"

"भट्टीत आहे," ती म्हणे.

"भट्टीत हा की भिजत घातलंय? डोसो पण एवढो वेळ घेणा नाय."

ती हसून स्वयंपाकघरात जाई.

वर्षअखेरीला मंडळाचं प्रदर्शन ठरलं. प्रमुख पाहुण्यांना भेट द्यायला परातीएवढं मोठं ताट हवं होतं. ते कोण रंगवणार यावर सभा झाली. चहा दोनदा झाला, वडे एकदा. शेवटी जानकीकाकूंनी एकमताने स्वतःला निवडलं. रत्नप्रभा कोपऱ्यात बसली होती. विचारीन, विचारीन म्हणता आभारप्रदर्शन झालं.

ताट तिनेच तयार केलं. दोन तळव्यांवर तोलून ग्लेझच्या टबातून एका वळणात काढलं, वाळवलं, चोळलं, झटकलं. अंगभर एक ठिपका नाही की ओघळ नाही. त्या पांढऱ्यावर अबोलीचा वळेसर तिला दिसतच होता. कुठे देठ वळेल, कुठे फूल मान टाकेल. आज काकू आल्या की विचारायचंच, असं तिने ठरवलं.

काकू आल्या त्या हळदीकुंकवाचं तबक घेऊन.

"कोरं भांडं, पहिल्यांदा विस्तवात जाणार. तसंच कसं पाठवायचं?" असं म्हणून त्यांनी कुंकवाचं बोट ताटाच्या मधोमध दाबलं. चांगलं अंगठीपर्यंत.

"काकू!" अनुपमा ओरडली.

"एकटीने लावून चालत नाही, ठाऊक आहे मला. पाच सवाष्णी हव्यात. या गं."

अनुपमा पोचेपर्यंत पाची जणींनी लावलं. कुणी हळद, कुणी कुंकू; प्रेमाने वर अक्षता टाकल्या आणि त्या बसेनात म्हणून बोटाने दाबल्या.

"अहो, कच्चं आहे ते! टक्कल पडेल तिथे!"

"अगंबाई, मग पुसते," म्हणून काकूंनी पदर फिरवला. दुधावर गुलाल उधळावा तसं झालं.

"वाट लागली," प्रेमा म्हणाली. मग सगळ्यांच्या माना एकाच दिशेला वळल्या.

"प्रभा करेल की," काकू निर्धास्त म्हणाल्या. "हलका हात आहे तिचा. दुपारी येते मी मोर काढायला."

बायका जेवायला आणि वामकुक्षीला गेल्या. रत्नप्रभेने ताट नळाखाली धुतलं. लाल पाणी मोरीत गेलं. गच्चीवर उन्हात ताट कडकडीत वाळवलं, पुन्हा बुडवलं, पुन्हा वाळवलं. पुन्हा बोट, ब्लेड, कुंचला, स्पंज, डिंकाचं पाणी. हाताला काम ठाऊक होतं. त्याला तिची गरज नव्हती. त्यामुळे ती मोकळी बसून स्वतःकडे बघत राहिली, आणि जे दिसलं ते तिला आवडलं नाही: आईसारखीच मागे मागे सरत स्वतःची खूण पुसणारी बाई.

चहाच्या वेळेला काकू आल्या. पोटऱ्या चोळत स्टुलावर बसल्या, कुंचला निळ्यात बुडवला आणि न बघताच हात पुढे केला. "आण इकडे. बघा, म्हटलं नव्हतं? कसं लखलखीत केलंन!"

रत्नप्रभेने ताट उचललं. दोन पावलं पुढे आली. आणि थांबली. बोटं बुडाच्या कडेखाली, घट्ट.

"अगं, दे ना," प्रेमा म्हणाली. "हात अवघडेल तुझा."

काकूंच्या कुंचल्यातून निळा थेंब फरशीवर पडला.

"काकू, हे ताट मी रंगवणार," रत्नप्रभा म्हणाली. हातातलं ताट तसूभर हललं नाही. "पहिल्या दिवसापासून मला रंगवायचंय. पाहुण्यांना द्यायच्या लायकीचं होईल की नाही, माहीत नाही. पण वाईट झालं, तर या खेपेला माझ्या हातचं वाईट होऊ दे."