शिंप्याचा खडू

आभाळ सकाळपासून तोंड फुगवून बसलं होतं आणि मास्तरिणीचा निम्मा कांदा अजून जमिनीतच होता. पाच बायका ओळीनं बसून कांदे उपटत होत्या. हात मातीत आणि तोंडं गावात, असं त्यांचं काम चाललं होतं.

मास्तरीण म्हणजे शाळेतल्या मास्तरांची बायको, असा मात्र कुणी समज करून घेऊ नये. तिचा नवरा शिंपी. शिंप्यालाही लोक मास्तरच म्हणतात, म्हणून ही मास्तरीण. पण नावाचा गुण म्हणा किंवा काही, बायका तिचं ऐकायच्या. औषधाच्या बाटलीवरचं वाचून घ्यायलाही तिच्याकडेच यायच्या.

"इंजेक्शनचं कौतुक आता मला सांगू नका कुणी," मुकादमीण म्हणाली. बायकांची टोळी तिची, त्यामुळे बोलायचा पहिला मानही तिचाच. "मास्तरिणीच्या पोरीला, गुंडीला, दिलं होतं की नाही? दारावर खूण आहे, सगळ्या गावानं बघितलीय. तरी तिला गोवर निघालाच ना?"

"आणि तिच्यामुळं जावेच्या तान्ह्यालाही," दुसरी म्हणाली.

"मग? उगीच पोराला टोचून घ्यायचं, दोन दिवस ताप काढायचा आणि वर गोवर तो गोवरच. माझा नातू नाही जायचा."

मास्तरिणीनं मान वर केली नाही. एकच कांदा ती केव्हाची झटकत होती. त्यावर मातीचा कण उरला नव्हता, तरी झटकत होती.

महिन्यापूर्वी नर्सबाई घरोघरी फिरल्या होत्या. ज्या घरातल्या पोरांना लस दिली त्याच्या दारावर गोल आणि गोलात बरोबरची खूण. राहिलं त्याच्या दारावर फुली. मास्तरीण तेव्हा शेतात होती, गुंडीही तिच्याबरोबर. मास्तरांनी नर्सबाईंना सांगितलं, पाचला या. दुपारी मास्तरीण घरी आली तर दारावर फुली. मागच्या वेळी दुसरी लस टोचल्यावर गुंडी दोन दिवस तापली होती आणि कडेवरून खाली उतरायला तयार नव्हती. इकडं पहिल्या वाफ्याचा कांदा उघड्यावर पडलेला आणि आभाळ असंच फुगलेलं. पुढच्या महिन्यात आपणच घेऊन जाऊ, असं तिनं स्वतःला समजावलं. ओल्या फडक्यानं फुली पुसली, मशीनवरचा नवऱ्याचा कापडावर आखायचा खडू उचलला आणि गोल काढून त्यात खूण केली. चांगली सुबक आली होती. संध्याकाळी फेरीला दुसरीच बाई आली आणि दारं बघत वही भरून निघून गेली.

गुंडीला सोळा दिवसांनी ताप भरला. पुरळ दिसायच्या आदल्या दिवसापर्यंत ती काकूच्या बाळाला मांडीवर घेऊन त्याचे गाल ओढत होती. बाळ सात महिन्यांचं, लस घ्यायच्या वयाचंही नव्हतं. गुंडी उठून अंगणात खेळायला लागली आणि बाळ मोठ्या दवाखान्यात नाकाला नळी लावून पडलं. आज पाचवा दिवस. जाऊ तिथंच होती. जाताना मास्तरिणीचा हात धरून म्हणाली होती, "ताई, तुम्ही तरी काय करणार? तुम्ही तर टोचून घेतलं होतं." तेव्हापासून मास्तरिणीला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

बांधावरून नर्सबाई येताना दिसल्या. चपला हातात, पाय चिखलात.

"सकाळपासून लस घेऊन शाळेत बसलेय," त्या म्हणाल्या. "एक पोर आलं नाही. शेजारच्या वस्तीवर आणखी चौघं आजारी पडलीत, कळलं का? आज-उद्यात टोचलं तर तुमची वाचतील."

"बाई, गुंडीचं काय झालं ते सांगा आधी," मुकादमीण म्हणाली.

नर्सबाईंचा चेहरा पडला. "एखाद्याला नाही लागू पडत लस. क्वचित होतं असं."

"ते क्वचित नेमकं आमच्याच गावात?"

बायका हसल्या. नर्सबाईही कसनुसं हसल्या. वीस वर्षं ही बाई उन्हातान्हात हिंडली, आणि आज आपल्या एका रेघेपायी ती खोटी ठरत होती. मास्तरिणीला ते हसणं सोसवेना. ती उठून उभी राहिली. ओच्यातले कांदे खाली सांडले.

"गुंडीला टोचलंच नव्हतं."

"वहीत आहे की," नर्सबाई म्हणाल्या.

"खूण मी काढली. मास्तरांच्या खडूनं. कांदा भिजेल म्हणून."

लांब कुठंतरी गडगडलं. मुकादमिणीनं विळा खाली ठेवला, हात लुगड्याला पुसले.

"उठा गं," ती बाकीच्यांना म्हणाली. "पोरं घ्या आणि शाळेत चला." मग मास्तरिणीकडं न बघता म्हणाली, "तुझ्याशी मी नंतर बोलेन."

वाफ्यात एकटी मास्तरीण राहिली. पाऊस आला आणि उरलेला कांदा सगळा भिजला. तिनं तो झाकला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दवाखान्यात गेली. जावेसमोर उभी राहून सगळं सांगितलं, एक शब्द झाकून ठेवला नाही. जावेनं ऐकून घेतलं. बराच वेळ बाळाच्या पायावर हात फिरवत बसली. मग पिशवीतून एक झबलं काढून पुढं केलं.

"एवढं धुऊन आणा," म्हणाली. "दोनच आहेत."

गावात त्यानंतर एकही नवं पोर आजारी पडलं नाही. बाळही घरी आलं, वाळून काटकी झालेलं, पण आलं. मुकादमीण नंतर बोलेन म्हणाली होती, ती पुढं आठवडाभर रोज बोलली.

दोन महिन्यांनी नर्सबाई पुन्हा फेरीवर आल्या, तेव्हा मास्तरीण आपणहून त्यांच्याबरोबर निघाली. एकेका घरातलं पोर हाक मारून बाहेर आणायची, नर्सबाई टोचायच्या आणि ती दारावर खूण करायची. नर्सबाईंनीच खडू तिच्या हातात दिला होता. अकरा घरं झाली. बारावं जावेचं.

बाळाला नववा महिना पुरा झाला होता. सुई टोचली तसं ते ठणाणा रडलं, आणि त्या रडण्यातला जोर ऐकून मास्तरिणीला भरून आलं. डोळे पुसून ती दाराकडं वळली. खडू लाकडाला टेकवला.

"ताई," जाऊ मागून म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "आमच्या दारावर नर्सबाईंना काढू द्या."

मास्तरिणीनं खडू नर्सबाईंच्या हातात दिला. त्यांनी गोल काढला, आत खूण केली. मग तिनं तो परत घेतला आणि तेराव्या घराची कडी वाजवली.