मिठाच्या पाण्याचा गुण

दम्याच्या विभागात एक खोली प्रयोगाची होती. ठरलेले रोगी महिन्यातून एकदा तिथे येत, दंडात सुई टोचून घेत आणि मागच्या महिन्यात दम्याचे अटॅक किती आले ते सांगून जात. निम्म्या सुयांत एका कंपनीचं नवं औषध होतं, निम्म्यांत नुसतं मिठाचं पाणी. कुणाच्या वाट्याला काय आलंय हे रोग्यालाही ठाऊक नसे आणि टोचणाऱ्यालाही नसे. वर्ष सरल्यावर दोन्हीकडचे अटॅक मोजायचे. औषधवाल्यांना बरेच कमी आलेले निघाले तर औषध पास, आणि प्रयोगातल्या लोकांना ते पुढेही फुकट मिळत राहणार. फरक दिसला नाही तर औषध बासनात.

टोचायचं काम अक्काचं. नोकरीत केस पिकलेली नर्स, आवाज खणखणीत, आणि स्वभाव असा की रस्त्यात अनोळखी माणूस खोकला तरी थांबून विचारणार, कधीपासून आहे हो? डॉक्टरांनी तिला सुरुवातीलाच बजावलं होतं. रोजचा दम्याचा पंप कसा ओढायचा ते सगळ्यांना एकदाच आणि सारखंच दाखवायचं, पुढे सुई टोचायची, अटॅक विचारायचे, बास. अक्काने मान डोलावली. पण समोर माणूस पंपाचा फवारा जिभेवर मारून घेत असताना गप्प बसायचं म्हणजे देवाने तिला दुसरं काळीज द्यायला हवं होतं.

सुतारमामा तसंच करायचे. अक्काने त्यांच्या हातातून पंप काढून घेतला आणि म्हणाली, "मामा, दमा छातीला झालाय, तुम्ही जिभेवर उपचार करताय." मामा हसले आणि शिकले. मग तिने त्यांची पाठच धरली. रंधा मारताना तोंडाला फडकं बांधा, भुसा झाडण्याआधी त्यावर पाणी शिंपडा, पॉलिश उघड्यावर करा. बेकरीतल्या एका कामगारासाठी तिने मालकाला गाठलं आणि कामगाराला पिठाच्या खोलीतून पुढे गल्ल्यावर बसवायला लावलं. एका ड्रायव्हरची सिगारेट सोडवली. एका आजींची लाडकी मांजर त्यांच्या भावजयीकडे रवाना केली. आजी महिनाभर अक्काशी धड बोलल्या नाहीत, पण रात्री झोपायला लागल्या. संध्याकाळी काम आटोपल्यावर अक्का एकेकाला फोन लावायची आणि पंप घेतला का विचारायची. प्रयोगातली माणसं तिला आपल्या माहेरची वाटत.

अटॅक कमी व्हायला लागले. विभागात सगळ्यांचे चेहरे खुलले. एकदा सुतारमामांना फोन चाललेला असताना डॉक्टर दारात येऊन उभे राहिले.

"अक्का, आपण औषध तपासतोय, तुमची माया नाही," ते म्हणाले. पण म्हणाले हसत हसत. अटॅक उतरताना बघून तेही खूश होते. औषधाला गुण येतोय असंच त्यांनाही वाटत होतं. ते हसले म्हणून अक्काही हसली, आणि तो विषय तिथेच मिटला.

शिंपीणबाईची गोष्ट मात्र निराळी होती. तिला अक्काने शिकवावं असं काही उरलंच नव्हतं. पंप ती इतका नेटका ओढायची की अक्का बाकीच्यांना म्हणायची, हिच्याकडे बघा. शिलाईमशीन खिडकीशी नेलेलं, कापडाची धूळ रोज ओल्या फडक्याने टिपलेली, उशा उन्हात. एवढं करूनही जवळजवळ दर महिन्याला तिची लेक तिला धरून दवाखान्यात आणायची, ओठ निळे पडलेले असायचे. प्रयोगातल्या दुसऱ्या सुईनंतर ते थांबलं. थांबलं ते थांबलंच. उरलेलं वर्षभर तिने अंथरूण धरलं नाही. मोठ्या शिलाईच्या कारखान्यात तिला पुन्हा काम मिळालं. लेकीला ती म्हणायची, आता तू माझ्या श्वासावर कान लावून झोपू नकोस, तुझा अभ्यास कर.

वर्ष संपलं, आकडे कंपनीत गेले. डॉक्टरांनी अक्काला आत बोलावून दार लावून घेतलं. औषध नापास झालं होतं. औषधवाल्यांना गुण आला होता, पण पाणीवाल्यांनाही जवळजवळ तितकाच आला होता. कुणाला काय दिलं तेही आता उघड झालं होतं. सुतारमामा, बेकरीतला कामगार, ड्रायव्हर, मांजरवाल्या आजी, सगळे पाण्यावर होते.

"अटॅक कशाने येतात हे तुम्ही एकेकाच्या मागे लागून शोधून काढलंत आणि बंद केलंत," डॉक्टर म्हणाले. "मग औषधाला करून दाखवायला राहिलं काय?"

अक्काने पुन्हा प्रयोग करा म्हणून विनवलं. कंपनीने आधीच नकार कळवला होता. तिचा पैसा आता दुसऱ्या औषधात गेला होता. मग अक्काने शिंपीणबाईचं विचारलं. डॉक्टरांनी यादीतलं तिचं नाव दाखवलं. तिच्या सुईत औषधच होतं, आणि उरलेल्या सगळ्या कुप्या कंपनीने परत मागवल्या होत्या. त्यांनी अक्काला दोष दिला नाही. तेव्हा मीही हसलोच होतो, एवढंच म्हणाले.

सुतारमामांना कळलं तेव्हा ते विभागात येऊन पोट धरून हसले. मिठाच्या पाण्याने बरा झालो, म्हणाले, आता समुद्रच विकत घेतो. अक्काला त्यांच्याकडे बघवेना.

दोन महिने शिंपीणबाई तगली. तिसऱ्या महिन्यात लेकीने तिला पुन्हा धरून आणलं. अक्का वॉर्डात गेली तेव्हा तोंडावर वाफेचा मास्क होता, आणि गळ्याखालचा खळगा प्रत्येक श्वासाला आत ओढला जात होता. तिला बोलता यायला संध्याकाळ झाली.

"अक्का, मला खरं औषध होतं ना?"

"होतं."

"मग ते नापास कसं झालं?"

कंपनीवर ढकलता आलं असतं. पण अक्काच्या जिभेला तसली सवय नव्हती. तिने सगळं सांगितलं, मामांच्या पंपापासून मांजरीपर्यंत. शिंपीणबाई ऐकत होती, मधूनमधून श्वासासाठी थांबत होती.

"म्हणजे ते तुमच्यामुळे बरे झाले."

"हो."

"आणि मी औषधामुळे."

"हो गं बाई."

शिंपीणबाईने बोलता यावं म्हणून मास्क जरा खाली ओढला. मग म्हणाली, "त्यांच्याकडेच जा, अक्का. तुमच्या हातून बरं झालेलं माणूस तिकडे दिसेल."

मास्कचा पट्टा कानावरून घसरला होता. अक्काने तो नीट करायला हात पुढे केला. शिंपीणबाईने तो हात बाजूला सारला, पट्टा स्वतःच ओढून बसवला आणि कूस वळवली. उशाशी बसलेल्या लेकीने आईच्या पाठीला कान लावला.

अक्का बाहेर व्हरांड्यात आली. कामावरून घरी जाताना रोज देवापुढे दिवसाची चूकभूल सांगायची तिची रीत होती. तिने डोळे मिटले, हात जोडले, आणि माफी नेमकी कशाची मागावी ते तिला सुचेना. मामांची छाती पुन्हा बंद कर, असं काही तिच्या तोंडून निघणार नव्हतं. ती तशीच हात जोडून उभी राहिली. आत वाफेच्या यंत्राची घरघर चालू होती.