खिडकीतला देवचार

मित्रांनो, मी एक जुनी सीलंटची पट्टी आहे. काच आणि चौकट यांच्या फटीत नळीतून पिळून भरतात ना, ती रबरासारखी वस्तू. कारापूरच्या एका शाळेत पहिलीच्या वर्गाची भली मोठी काच मी नऊ वर्षं धरून होते. काचेखाली पहिला बाक. त्यावर तीन मुली बसत.

मला लावलं तेव्हा ठेकेदार म्हणाला, "वीस वर्सां बघूक नको." त्याचा शब्द सगळ्यांनी पाळला.

उन्हाने मी करपले, पावसाने फुगले, शेवटी चिरले. चिरेतून वारा शिरला की शिट्टी वाजे. "देवचार आसा," स्वयंपाकीण मंजुळा म्हणाली. देवचार म्हणजे आमच्याकडचं गावाची राखण करणारं भूत. हेडमास्तर दत्तारामसर विज्ञान शिकवत. त्यांनी बराच विचार केला आणि त्या राखणदाराला म्हणून खिडकीत जाड भाकरीचा रोट आणि विडी ठेवली. गणेश चवथीच्या सुट्टीत शाळा रंगवली, तेव्हा मलाही पांढरा रंग फासला. मी नव्यासारखी दिसू लागले. काच मात्र सुटत चालली होती. मला ओरडता येत नव्हतं. शिट्टी येई, आणि तिला रोट मिळे.

मग जुन्या खिडक्यांचे नमुने गोळा करत सिद्धी आली. सीलंट ऊनपावसात कसं बिघडतं, हा तिचा अभ्यास. तिने माझा वरचा पापुद्रा प्रयोगशाळेत नेऊन यंत्राखाली धरला. डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश पदार्थाने कुठे किती गिळला, याचा आलेख ते यंत्र काढतं.

सिद्धी परत आली. "सर, हा तर भिंतीचा रंग निघाला."

"पण बरा आहे ना?"

"रंग बरा आहे."

"बाय, देवचार भितर आसा," मंजुळा म्हणाली. "भितर पळय." आत बघ, असं तिचं म्हणणं.

सिद्धीने रंग खरवडला आणि मला खोलवर कापलं. पोटातल्या तुकड्याने ऊन पाहिलंच नव्हतं. त्याचा आलेख म्हणजे माझं बालपण. रंगाखालच्या, उन्हातल्या तुकड्याच्या आलेखात तीच शिखरं खचली होती आणि ऑक्सिजनने खाल्ल्याच्या खुणा उगवल्या होत्या. माझ्या शेजारी माझंच भूत उभं होतं.

तिने फोन केला. "सर, पहिला बाक आत्ताच्या आत्ता हलवा."

सरांनी तो स्वतः ओढला.

दुसऱ्या दिवशी गोपाळ मिस्त्री पटाशी घेऊन आला. ती लागली नाही. हात लावताच काच हातात आली.

"ही कोणें धरिल्ली?" त्याने विचारलं.

आता मी सिद्धीच्या कपाटात, एका पाकिटात आहे. नव्या खिडकीतही रोट ठेवतात म्हणे. माझी हरकत नाही. फक्त, मित्रांनो, रोट ठेवताना एकदा फटीवरून बोट फिरवा.

पाकिटात वारा येत नाही. तरी मला शिट्टी ऐकू येते. ती माझी नव्हे. तुमच्याकडची एखादी खिडकी असेल.