जरा बाजूला

नाटकाचा फोटो फ्लॅश मारून काढणाऱ्याला मी फोटोग्राफर मानत नाही. प्रकाशयोजना करणारा बिचारा महिनाभर डोकं खाजवून रंगमंचावर संध्याकाळ उभी करतो आणि हा गृहस्थ पहिल्या रांगेतून एक लखलखाट करून तिची भर दुपार करून टाकतो. शिवाय नटाच्या मागे पडद्यावर त्याची काळी सावली. असले फोटो ठाण्या-डोंबिवलीत घरोघरी लावलेले आहेत आणि लोक ते पाहुण्यांना कौतुकाने दाखवतात. लोकांना काय कळतं?

मी गोपीनाथ भोईर, राहणार ठाकुर्ली. मी फ्लॅश मारत नाही. म्हणजे नाटकाला मारत नाही. पोटासाठी लग्नं करावी लागत, आणि लग्नात डोळे दिपले नाहीत तर आमच्या लोकांना फोटो काढला असं वाटतच नाही. आम्ही आगरी, आमची लग्नं दणक्यात. एप्रिल-मे मी या मांडवातून त्या मांडवात घाम पुसत फिरायचो. नवरा, नवरी, मामा, जेवणाच्या पंगती, आहेर घेताना कॅमेऱ्याकडे बघून थिजलेले चेहरे. या कामाची मला मनापासून किळस होती. पावसाळा संपला की एकांकिका स्पर्धा सुरू व्हायच्या. तिथे मी माझा जुना रशियन कॅमेरा घेऊन अंधारात बसायचो. तिथे मी कलावंत होतो. फक्त फोटो धड येत नसत.

दोष अर्थात कॅमेऱ्याचा. लेन्सचं तोंड लहान, आत उजेड शिरणार किती? मग शटर जास्त वेळ उघडं ठेवावं लागे, तेवढ्यात नट मान हलवी आणि फोटोत नाकाच्या जागी नुसता फराटा. "एकदा चांगला कॅमेरा घेऊ दे, मग बघा," हे वाक्य मी सोळा वर्षं ऐकवत होतो. ऐकणारे हसायचे. त्यांचीही मला कीव यायची.

ब्याण्णव सालच्या दिवाळीआधी सगुणा माझ्याकडे आली. सगुणा म्हणजे रंभामावशीची मुलगी, आणि रंभामावशी म्हणजे आमच्या गावची धवलारीण. आमच्यात लग्नाचे सगळे विधी धवलारीण गाऊन पार पाडते. देवांना आवतण देते, हळद लावते, नवरीला पाटावर बसवते, सगळं गाण्यातून. त्या गाण्यांना धवले म्हणतात. माझ्या आईबापाचं लग्न रंभामावशीनेच लावलेलं आणि माझंही.

"गोप्या, आयचा एक फोटो दे रं," सगुणा म्हणाली. "गाताना. तुज्याकरं आसंलच. एवरी लग्ना केलीस तू."

"रग्गड असतील. का गं?"

"तिचा आवाज बसत चाललाय. डोल्यानं पन दिसत नाय आता. मागं रवाला कायतरी पायजे ना."

"उद्या ये," मी म्हणालो आणि निगेटिव्हचे डबे खाली काढले.

रात्री जेवायला उठलो तोवर सोळा वर्षांची लग्नं उजेडासमोर धरून झाली होती. रंभामावशी एकाही फोटोत नव्हती. एकात तिचं कोपर होतं. एकात पांढऱ्या लुगड्याचा काठ. एकात आरतीचं ताट धरलेला हात, मनगटापर्यंत. कारण मला माहीत होतं. प्रत्येक मांडवात मी तिला म्हणत आलो होतो, "मावशे, जरा बाजूला हो. फोटोत येतेस." सजवलेल्या नवरीशेजारी वाळलेली काळी म्हातारी कोणाला हवी? आणि तीही एक शब्द न गाळता, गात गात बाजूला व्हायची.

दुसऱ्या दिवशी सगुणाला मी सांगितलं, "मांडवात कोपऱ्याला अंधार असतो. त्या कॅमेऱ्याला नाही जमलं."

"फलॅश व्हता ना?"

यावर मी तिला लेन्सचं तोंड, फिल्मचा वेग, शटर असं दहा मिनिटं समजावलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"नाचता येईना, अंगन वाकरं," ती म्हणाली आणि चपला घालायला लागली.

बाई चौथी पास, आणि मला म्हण ऐकवून गेली. पण ते लागलं. त्यातच कळलं की ठाण्याला कुणी उत्तराबाई आहेत, त्या लोककलेचा कार्यक्रम करतायत आणि त्यांनी रंभामावशीला बोलावलंय. तुळशीच्या लग्नांच्या दिवसांतच, नाट्यगृहात, खऱ्या रंगमंचावर. मी सगुणाच्या घरी जाऊन सांगितलं, "तिथे काढतो. नवा कॅमेरा घेऊन. असा फोटो देतो की बघत राहशील." खरं सांगायचं तर मला रंभामावशीच्या फोटोपेक्षा कॅमेराच जास्त हवा होता. कारण मिळालं, एवढंच.

फोर्टातल्या दुकानात जपानी कॅमेरा बघितला. दुकानदार मला सेल्फ-टायमर दाखवत बसला. याला वाटलं असेल, हा महाबळेश्वरला बायकोबरोबर फोटो काढणार. मी त्याला दुकानातले दिवे बंद करायला लावले आणि मागच्या कोपऱ्यात बसलेल्या त्याच्या हिशेबनीसावर लेन्स रोखली. कॅमेरा डोळ्याला लावला. एवढं मोठं तोंड होतं त्या लेन्सचं की अंधारातसुद्धा त्या माणसाच्या कानावरचे केस दिसत होते. जुना कॅमेरा आणि फ्लॅश मी कल्याणच्या काळुरामला विकले आणि वर पैसे घालून तो घेतला. काळुराम नाटकाला फ्लॅश मारतो. फ्लॅश त्याच्या हातात ठेवताना पाप फेडल्यासारखं वाटलं.

कार्यक्रमाच्या दिवशी गावातून बायकांचा टेम्पो निघाला. तो माजिवड्याला तासभर अडकला आणि सगळ्या घाईघाईत नाट्यगृहात पोचल्या. उत्तराबाई दारात उभ्या. खादीची साडी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, बोलणं थेट पुण्याचं. त्यांनी रंभामावशीचे हात हातात घेतले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "किती अस्सल चेहरा आहे!" जसं काही म्हातारी बाजारात मांडलीय. मग माझा कॅमेरा बघून म्हणाल्या, "फ्लॅश अजिबात नको हं. फक्त समईचा उजेड ठेवणार आहोत." मला! असल्या बाईशी काय बोलायचं.

रंगमंचावर समई लावली. रंभामावशीला पाटावर बसवलं. तिने हाताने आजूबाजूला चाचपलं आणि विचारलं, "नवरी कुटं हाय?"

"आजी, इथे लग्न नाहीये," उत्तराबाई गोड हसून म्हणाल्या. "हा कार्यक्रम आहे. तुम्ही नुसतं गाणं म्हणायचं."

"लग्नाबिगर धवला नाय गायचा. देवांना बोलवाचं आनि आल्यावर सांगाचं कं लग्नच नाय?"

उत्तराबाईंचं हसू तोंडावरच राहिलं. पडद्याबाहेर लोक खुर्च्यांवर बसायला लागले होते. शेवटी सगुणाच पुढे झाली. म्हणाली, पुनवेपर्यंत तुळशीची लग्नं चालतात, एक तुळस आणा, मग आय गाईल. कुणीतरी धावत जाऊन शेजारच्या इमारतीतून कुंडी आणली. पितळेचा बाळकृष्ण नाट्यगृहाच्या राखणदाराकडे मिळाला. अंतरपाट म्हणून उत्तराबाईंची शाल. मला विंगेत उभं राहून हसू आवरेना. शंभरेक रुपयांचं तिकीट काढून आलेल्या लोकांपुढे राखणदाराच्या देवाचं कुंडीशी लग्न! रंभामावशीने मात्र तुळशीच्या पानांवरून बोटं फिरवली, मान हलवली आणि सगुणाने तिच्या हातात हळदीची वाटी दिली. तिच्यापुरतं लग्न उभं राहिलं होतं.

तिसरी घंटा झाली. दिवे गेले. मी पहिल्या रांगेच्या कडेला गुडघ्यावर बसलो.

आवाज बसलेला होता, ते खरं. पण पहिल्या ओळीला ती ज्या ठिकाणाहून सुरू झाली, तिथून सगळं सभागृह गप्प झालं. मी आयुष्यात पन्नास-साठ लग्नांत तिचं गाणं ऐकलं असेन, आणि खरं म्हणजे एकदाही ऐकलं नव्हतं. माझ्या कानाला ते पंगतीच्या गलक्यासारखंच होतं. आता ऐकू येत होतं आणि दिसतही होतं. समईच्या एका वातीत तिच्या कपाळावरचं गोंदण, अर्धवट मिटलेल्या पापण्या, हळदीने पिवळी झालेली नखं. शटर दाबत गेलो. दहा, पंधरा, वीस. अकराव्या फोटोला तर मला कळलंच की हा माझा फोटो. ज्यासाठी सोळा वर्षं वाट बघितली तो.

मग धवला रंगात आला तशी ती तुळशीकडे वळली आणि तिचा अर्धा चेहरा पानांआड गेला. कोन चुकला. डावीकडून हवा होता.

नाटकाचा फोटोग्राफर अशा वेळी काय करतो? काही करत नाही. जागेवर बसतो आणि हळहळतो. रंगमंचावर तो कधीही चढत नाही. हे मी किती जणांना शिकवलं होतं. पण माझे पाय नाटकाचे नव्हते, लग्नाचे होते. त्यांना इतकंच ठाऊक होतं की मांडव आहे, नवरी आहे आणि कोन चुकतोय. कधी पायऱ्या चढलो ते मला कळलं नाही. मी समई आणि तुळशीच्या मधे उभा राहिलो, वाकलो, आणि माझी सावली नवरीवर पडली.

रंभामावशी थांबली. तिला धड दिसत नव्हतं, पण समोरचा उजेड गेलेला तिला समजला. आणि तिने ओळखलंही. तिच्या आणि नवरीच्या मधे येऊन उभं राहणारं माणूस एवढ्या वर्षांत दुसरं कोण होतं?

तिने तोंड माझ्याकडे केलं आणि हात उचलला.

"गोप्या, जरा बाजूला हो. गान्यान येतंस."

आवाजात राग नव्हता. मी तिला म्हणायचो तसंच, कामाच्या घाईत म्हणाली. माझं बोट तोवर शटरवर दाबलं गेलं होतं. सभागृह खदखदून हसलं. सगळ्यांत मोठ्यांदा उत्तराबाई. मी पायऱ्या उतरलो. ती जिथे थांबली होती त्याच शब्दापासून पुढे गायला लागली. उरलेला कार्यक्रम मी कॅमेरा मांडीवर ठेवून ऐकला.

फिल्म मी स्वतः धुतली. सगळे फोटो सुरेख. हललेला एक नाही. अकरावा मोठा करून, बाकीचे छोटे एका कागदावर छापून सगुणाकडे घेऊन गेलो. तिने अकरावा बघितला, "बरा हाय" म्हणून बाजूला ठेवला. माझ्या आयुष्यातला सर्वोत्तम फोटो, बरा आहे! मग छोटे फोटो एकेक करून बघत शेवटच्यावर बोट ठेवलं.

"ह्यो मोटा करून दे."

"तो? अगं, हात केवढा मोठा आलाय त्यात. खाली माझी सावली आहे. तो चुकून आलाय."

"ह्या सगल्यान ती दिव्याकरं बगते," सगुणा म्हणाली. "ह्यान मानसाकरं बगते."

मी वाद घातला. खूप घातला, आणि ती ऐकेना. शेवटी दिला करून. फाल्गुनात रंभामावशी गेली आणि तोच फोटो हार घालून भिंतीवर लागला.

तेव्हापासून मी एक मजा बघतो आहे. फोटोपुढे येणारा प्रत्येक माणूस हात जोडतो. "बघा, कसा हात उचललाय. आशीर्वाद देते म्हातारी!" उत्तराबाईंनी तो मागून नेला आणि त्यांच्या स्मरणिकेच्या मुखपृष्ठावर छापला, आत लिहिलं, मातृत्वाचा वरदहस्त. पूर्वी मी म्हणायचो, लोकांना फोटोतलं काही कळत नाही. अजूनही म्हणतो. पण आता ते मी कोणाला पटवून देत नाही. त्या हाताचा अर्थ मला माहीत आहे आणि सगुणाला. त्या फोटोकडे मान वर करून बघताना मला लाज वाटते, आणि ती वाटावी म्हणूनच सगुणाने तो निवडला असं माझं मत आहे.

धवले आता सगुणा गाते. मागच्या वैशाखात गावात लग्न झालं, आणि दुसऱ्या दिवशी नवरीला रंभामावशीच्या फोटोच्या पाया पडायला आणलं. फोटो काढायला अर्थात मला बोलावलेलं. खोली अंधारी. नवा कॅमेरा, फ्लॅश नाही. नवरी भिंतीपाशी उभी राहिली, वर रंभामावशी हात उचलून, आणि नवरीच्या शेजारी सगुणा पदर खोचून गाणं गात. तेवढ्यात नवरीची सासू, गळ्यात अर्धा किलो सोनं, नवरीला खेटून उभी राहिली आणि सगुणाला कोपराने ढकलत म्हणाली, "सगुणे, जरा बाजूला हो. फोटून येतंस."

सगुणा सवयीने सरकली. तोंडातलं गाणं चालूच.

मी कॅमेरा खाली घेतला.

"सगुणे, तू थांब तिथेच," मी म्हणालो. "सासूबाई, तुम्ही जरा बाजूला व्हा."